तोंडओळख

मंगळवारी दवाखाना चारलाच बंद करते मी.
दारावर पाटी : डॉक्टर बाहेरगावी.
बाहेरगाव म्हणजे तीन चौक पलीकडे,
लोकरीच्या जुन्या गोदामातलं ऐंशी खुर्च्यांचं थिएटर.
हीटर एकच, तोही पडद्याला ऊब देतो.

माँतेव्हिदेओचा जुलै. नदीवरून असा वारा येतो
की छत्री घेऊन निघालेला माणूस काठी घेऊन पोचतो.
तिकीट फाडायला सुलमा, काखेत थर्मास.
‘आज किती?’
‘तुला धरून अकरा.’
अकरा म्हणजे गर्दी.

बहीण विचारते, त्या सिनेमांत बघतेस काय?
तीन मिनिटं एक बाई सुईत दोरा ओवते!
तीन मिनिटं म्हणजे किती, ते माझ्या खुर्चीत
आ वासून पडलेल्याला विचार.
तेवढ्यात माणूस छताच्या भेगा पाठ करतो,
भावाला माफ करतो, देव बदलतो.
तुझ्या सिनेमात तेवढ्यात दोन खून आणि एक लग्न,
आणि कुणालाच दुखत नाही.
सगळं भूल देऊन.

पण म्हणून मी भोळी नाही.
संथ ते सगळं खोल नसतं.
कधी कधी कट कुठे करायचा हे दिग्दर्शकाला सुचलेलं नसतं, एवढंच.
आणि चार देशांच्या अनुदानावर पोसलेली ती गरिबी
मी लांबून ओळखते :
एक शेळी, एक विधवा, एक फुटकं तावदान,
भिंतीचे पोपडे असे, की कुणीतरी दिवसभर बसून काढलेत.
पोस्टरवरच्या सोनेरी पानांच्या झालरी मी मोजते.
सहाच्या वर असल्या तर घरी बसून तोर्ता फ्रीता तळते.

त्या दिवशी झालर एकही नव्हती.
पायसांदूच्या कुणा मारिएलचा पहिलाच सिनेमा,
कॅमेरा उसना, आवाज इतका कच्चा
की प्रत्येक प्रसंगात फ्रीज घुरघुरतो.
एकदा वरून माइक खाली आला.
शेजारीण डोकावते तसा डोकावला, गेला.
कुणी कापला नाही. मला तो आवडला.

गोष्ट म्हणाल तर एका धारवाल्याची.
त्याची शिट्टी हरवलीय, एवढीच.
शिट्टीशिवाय तो गल्लीगल्लीतून सायकल ढकलतो,
आणि सुऱ्या बोथटच राहतात, कारण तो आलाय हे कुणाला कळत नाही.
शेवटी एका कोपऱ्यावर थांबतो, हाक मारायला तोंड उघडतो.
आवाज फुटत नाही.
पडदाभर नुसतं तोंड.

खाली, डावीकडे, सहावा दात. चांदी भरलेली.
माझी.

बँका बुडाल्या त्या वर्षीची.
पैशांऐवजी त्याने माझ्या घरातल्या झाडून सगळ्या कात्र्यांना
धार लावून दिली होती.
मी अंधारात विल्मारचं मनगट धरलं.
कॅमेरा हळूहळू, फार हळूहळू मागे सरकला :
मिशीतला एक पांढरा पट्टा,
मोडून तिरकं बसलेलं नाक,
आणि डोळे, कुणीतरी आत्ताच दिवा मालवलाय असे.
हे कधी बघितलंच नव्हतं.
वीस वर्षं या माणसाच्या तोंडात पाहिलं मी,
तोंडाकडे नाही.

बाहेर विल्मार म्हणाला, वीस मिनिटं कापायला हवी होती.
त्याचं मत त्याच्या कमरेवर अवलंबून असतं.
मी तोंडदेखली मान हलवली.
(तो सरकणारा कॅमेरा कापला असता
तर मी त्या मुलीवर खटला भरला असता.)

गुरुवारी दोन एलेउतेरिओ आले. दाढ ठणकत होती.
सिनेमाचं ते काही बोलले नाहीत, मीही नाही.
खुर्चीत टेकले, सवयीने आ केला.
मी वरचा दिवा बाजूला वळवला.
‘काय डॉक्टर, किडलीय का फार?’
‘थांबा,’ म्हटलं,
‘जरा मिटा तोंड.
बघू दे मला.’